दोनदा राहून गेलेला कॅप्टन

मिसुरी नदी फोर्ट रेडिकच्या छावणीला वळसा घालताना जरा मंदावते. रुंद, गढूळ, कसलीच घाई नसलेली. तिला कुणी कधी विचारलं नाही की बाई, गेल्या वर्षापेक्षा यंदा तू किती पुढे गेलीस. तिच्या काठावर पाण्यावरचे पूल बांधणाऱ्या कॅप्टन ऑर्विन हाउगनला मात्र हा प्रश्न विचारला गेला. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा त्याच्या वतीने उत्तर दुसऱ्यांनीच देऊन टाकलं.

अमेरिकेच्या फौजेत अधिकाऱ्याला जागच्या जागी उभं राहता येत नाही. ठरल्या वर्षांत वरचा हुद्दा मिळाला पाहिजे. एकदा राहून गेला तर वर्षभराने पुन्हा बघतात. दुसऱ्यांदाही राहिला तर सातवा महिना लागायच्या आत सामान बांधायचं. आपलं काम चोख करत त्याच खुर्चीवर बसून राहणं हा काही गुन्हा नव्हे. गुन्हेगाराला निदान वकील मिळतो.

ऑर्विन उत्तर डाकोटातल्या गव्हाच्या मुलखातला. अठराव्या वर्षी साधा शिपाई म्हणून भरती झाला, सहा वर्षांत स्टाफ सार्जंट झाला. तिथेच सुखाने राहिला असता, पण एका साहेबाला त्याची कीव आली आणि त्याने याला अधिकाऱ्यांच्या शाळेत पाठवलं. सार्जंटला म्हातारा होईपर्यंत सार्जंट राहता येतं, अधिकाऱ्याला राहता येत नाही, हे त्या साहेबाने सांगितलं नाही. ऑर्विननेही विचारलं नाही. नव्या टोपीत माणूस असे प्रश्न विचारत नाही.

पुढची अकरा वर्षं तो नदीवर होता. पुलाचं काम पाहण्यासारखं असतं. भला मोठा ट्रक उलटा पाण्याच्या कडेला येतो आणि पाठीवरचा लोखंडी खण नदीत सोडून देतो. पाण्यात पडल्या पडल्या तो खण मिटलेल्या पुस्तकासारखा उघडतो. मग लहान बोटी त्याला ढकलत नेतात, दुसऱ्या खणाला जोडतात, तिसऱ्याला जोडतात, आणि तासाभरात रणगाडे पलीकडच्या तीरावर असतात. खण उघडताना त्याच्या कड्या बसल्या की नाही हे बाकीचे वाकून बघायचे. ऑर्विन पाठमोरा उभा राहून आवाजावरून सांगायचा. ‘तिसऱ्याची डावी बसली नाही,’ म्हणायचा. आणि ती बसलेली नसायची.

कोवळे लेफ्टनंट दोन-दोन वर्षांसाठी येत, त्याच्याकडून नदी शिकत, आणि पुढे कुठे कुठे जाऊन मेजर होत. नाताळाला त्यांची कार्डं यायची. व्हर्ना, ऑर्विनची बायको, ती फ्रिजवर ओळीने लावायची आणि म्हणायची, “बघ, तुझी सगळी पोरं तुझ्यापेक्षा मोठी झाली.”

ज्या वर्षी नदीला महापूर आला त्या वर्षी पलटणीवर कर्नल बर्डेट होते. इतका भला माणूस फौजेने पुन्हा पाहिला नसेल, आणि बघू नये अशी प्रार्थना करावी. दोन महिने त्यांचे कॅप्टन गुडघाभर चिखलात होते. वाहून गेलेल्या रस्त्यांवर पूल टाकत होते, डुकरांसकट शेतकऱ्यांना बाहेर काढत होते. पूर ओसरला आणि गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली.

त्या अहवालाच्या तळाशी तेव्हा एक चित्र असायचं. बारक्या बारक्या माणसांच्या ओळी, एकावर एक. सगळ्यात वर एकटा माणूस, खाली थोडे, मधे दाटी, मग तळाला पुन्हा तुरळक. कर्नलने फुली मारून सांगायचं की हा अधिकारी कुठल्या ओळीतला. कर्नल बर्डेटनी अकरा कॅप्टन डोळ्यांसमोर आणले, त्यांच्या पायांवरची चिखलाची पुटं आठवली, आणि अकराही जणांना सगळ्यात वरच्या ओळीत बसवलं.

ही बातमी ऑर्विनला टॉलिव्हरने दिली. टॉलिव्हर हा ऑर्विनच्या कंपनीचा, म्हणजे पूल बांधणाऱ्या तुकडीचा, मुख्य सार्जंट, अलाबामाचा, वयाने ऑर्विनहून बराच मोठा. दोघे काठावर थर्मासमधली कॉफी पीत बसले होते.

“साहेब, ऐकलंत का? मोठ्या साहेबांनी तुम्हा सगळ्यांना पहिला नंबर दिलाय.”

“चांगलंच की.”

“चांगलं कसलं. आम्ही बारा भावंडं. आई प्रत्येकाला कोपऱ्यात घेऊन सांगायची, तूच माझा सगळ्यात लाडका. जादा तुकडा एकालाही मिळाला नाही.”

ऑर्विन हसला. पण टॉलिव्हरचं म्हणणं वॉशिंग्टनच्या कचेरीला तंतोतंत पटलं होतं. तिथला कारकून प्रत्येक अहवालावर छापून द्यायचा की या कर्नलने आजवर कोणत्या ओळीत किती जण टाकले. बर्डेटसाहेबांच्या नावापुढे आलं: वरच्या ओळीत अकरा, बाकी सगळीकडे शून्य. याचा अर्थ त्या कचेरीत एकच. यांची वरची ओळ म्हणजे यांची गर्दी. पुरात डुकरं वाचवणारा कॅप्टन आणि पुरात सर्दी होऊन घरी पडलेला कॅप्टन, दोघेही गर्दीतले.

फोटोही पाठवायचा असे, पूर्ण गणवेशातला, डोक्यापासून बुटापर्यंत. व्हर्नाने पट्टी घेऊन छातीवरच्या फितींचं अंतर मोजलं, दोनदा. पुरात ऑर्विन सात-आठ किलोंनी उतरला होता, त्यामुळे कोट खांद्यावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. बढती मंडळातले अधिकारी एका फाइलला दीड-दोन मिनिटं देतात म्हणे. त्या दीड-दोन मिनिटांत त्यांना एक ढगळ कोट आणि अकरातला एक माणूस दिसला.

बढतीची यादी जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी ती कर्नलच्या हातात येते. ज्यांची नावं नाहीत त्यांना कर्नलने स्वतः बोलावून सांगायचं, म्हणजे उद्या चारचौघांत धक्का बसायला नको. दयेची ही रीत इतकी चांगली आहे की त्या दिवशी कर्नलच्या कचेरीच्या दिशेने कोण चाललंय हे बघायला सगळी छावणी खिडकीत असते. ऑर्विन अंगणातून चालत गेला तेव्हा टपाल कचेरीतला शिपाईसुद्धा बाहेर येऊन उभा होता.

“बस,” कर्नल बर्डेट म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने कॉफी ओतली. “ऑर्विन, मला काही कळत नाही रे. मी तर तुला सगळ्यात वर टाकलं होतं.”

“हो साहेब. मला आणि आणखी दहा जणांना.”

“मग? सगळ्यांचं भलंच चिंतलं ना मी?”

“चिंतलंत, साहेब.”

त्या वर्षी अकरांपैकी तिघांचीच पाळी होती. तिघेही राहिले. आपण कुठे चुकलो हे बर्डेटसाहेबांना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन जॉर्जियात पीचच्या बागा सांभाळायला गेले. निरोप समारंभात सगळ्या कॅप्टनांनी वर्गणी काढून त्यांना एक कोरीव तलवार दिली. ऑर्विननेही आपला वाटा दिला.

नवे कर्नल स्ट्रॅन वेगळ्या मातीचे. त्यांचं टेबल इतकं रिकामं असायचं की त्यावर बोटांचे ठसे दिसत. पुढच्या वसंतात, दुसऱ्या खेपेच्या तोंडावर, त्यांनी ऑर्विनला बोलावून सरळच सांगितलं.

“हाउगन, मी तुझ्याशी आडपडदा ठेवत नाही. वरच्या ओळीत मी मोजकीच माणसं टाकतो, नाहीतर तिची किंमत राहत नाही. तुझ्या आधीच्या कर्नलांनी काय केलं ते तू पाहिलंसच.”

“पाहिलं, साहेब.”

“एकदा राहून गेलेल्याला दुसऱ्यांदा उचलतात ते क्वचित. तुला वर टाकलं तर जागा फुकट जाईल. ज्याची पहिली खेप आहे त्याला दिली तर कारणी लागेल. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?”

ऑर्विनने थोडा वेळ टेबलावरचे ठसे पाहिले. “माझ्या कामात काही कमी पडलं का, साहेब?”

“कामाचा काय संबंध?” कर्नल स्ट्रॅन म्हणाले. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

त्यांनी ऑर्विनला दुसऱ्या ओळीत टाकलं आणि वर दोन सुंदर वाक्यं लिहिली. असा पूल बांधणारा अधिकारी आपण वीस वर्षांत पाहिला नाही, असं त्यांत होतं. ते खरंही होतं. यादी आली, ऑर्विन पुन्हा अंगणातून चालत गेला. या वेळी खिडक्यांत कुणी नव्हतं. दुसऱ्या खेपेचं कुणाला काय अप्रूप.

हिशेब असा बसला. नोकरीतून सुटायच्या दिवशी त्याची सतरा वर्षं आणि पाच महिने भरत होते. अठरा भरली असती तर कायद्यानेच त्याला वीसपर्यंत ठेवावं लागलं असतं आणि वीसला जन्मभराची पेन्शन. सात महिने कमी पडत होते. पुरातले दोन महिने दुप्पट धरायची सोय असती तरी पाच उरलेच असते. अशी सोय नव्हती, पण ऑर्विनने मनातल्या मनात ही वजाबाकी बऱ्याच वेळा केली.

शुक्रवारी त्याने सामान जमा केलं. भांडारातल्या कारकुनाने त्याचं फावडं उजेडात धरून पाहिलं आणि दांड्याला चिखल आहे म्हणून परत दिलं. ऑर्विनने ते नळाखाली धुऊन आणलं. मग एक आभारपत्र मिळालं, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं, सही छापील. अधिकाऱ्यांच्या वसाहतीतलं घर महिन्याभरात सोडायचं होतं.

व्हर्नाच्या भावाचा, माइलोचा, टोपेकाला चाकांवरची घरं विकायचा धंदा होता. त्याने फोन करून सांगितलं की कॅप्टन साहेबांसाठी जागा ठेवली आहे, पाटीवर ‘कॅप्टन’ लिहू, गिऱ्हाईक भुलतं.

“जायचं असेल तर जा,” व्हर्ना बटाटे सोलता सोलता म्हणाली. “मी नाही म्हणणार नाही. पण तुला ते जमेल का, ते बघ.”

“न जमायला काय झालं? घर दाखवायचं, किल्ली द्यायची.”

“आणि छत कुठे गळतं ते?”

“ते सांगायला नको?”

“तेच म्हणतेय मी,” व्हर्ना म्हणाली.

टॉलिव्हर रविवारी आला. दोन मोठे मासे कागदात गुंडाळून आणले होते. ते व्हर्नाच्या हवाली करून तो मागच्या पायरीवर ऑर्विनशेजारी बसला.

“साहेब, एक गोष्ट विचारतो. तुम्ही पूर्वी स्टाफ सार्जंट होतात ना?”

“आता साहेब म्हणू नकोस. सुटलो मी.”

“सवय आहे, जाईल हळूहळू. ऐका. अधिकारी होण्याआधी जो सार्जंट होता, त्याला अधिकारी म्हणून काढलं तर सहा महिन्यांच्या आत जुन्या हुद्द्यावर परत घ्यावंच लागतं. कायदा आहे. तीन वर्षं काढायची, वीस भरली की पेन्शन. आणि मजा ऐका. तुम्ही दहा वर्षांवर अधिकारी होतात, म्हणजे निवृत्तीच्या कागदावर पुन्हा कॅप्टनच लिहितील.”

“म्हणजे कॅप्टन म्हणून मी नालायक, सार्जंट म्हणून लायक, आणि म्हातारा झालो की परत कॅप्टन?”

“सरकारचं काम आहे, साहेब. त्याला फार खोलात जाऊन बघू नये.”

कुंपणापलीकडे शेजारच्या मेजरची मुलं चेंडू खेळत होती. “कंपनी आता कुणाकडे आहे?” ऑर्विनने विचारलं, जणू माहीतच नव्हतं.

“कॅप्टन व्हिटलॉककडे.”

“व्हिटलॉकला मी सॅल्यूट ठोकू? टॉलिव्हर, तो पहिल्या दिवशी बोट उलटी बांधून बसला होता. रडायचा बाकी होता तो.”

“पोरगा चांगला आहे.”

“चांगला आहे, म्हणून काय मी...”

“साहेब, सत्तावीस वर्षं मी तुमच्यासारख्या पोरांना सॅल्यूट ठोकतोय. तुम्हालाही ठोकला, तेव्हा तुम्हाला तरी कुठे काय येत होतं? हा बघा हात.” टॉलिव्हरने उजवा हात पुढे धरला. “झिजलाय का कुठे?”

आत व्हर्ना मासे तळत होती आणि खिडकी उघडी होती. “मी लग्न सार्जंटशी केलं होतं,” ती आतूनच म्हणाली. “कॅप्टन नंतर घरात आला. मी काही बोलले नाही, पण अधिकाऱ्यांच्या बायकांच्या चहापार्ट्या मला कधी झेपल्या नाहीत.”

तरीही तो तयार झाला नाही. पुढचे सहा आठवडे तो काही ना काही दुरुस्त करत राहिला. नव्या, भाड्याच्या घराचा पोर्च दुरुस्त केला, मग शेजाऱ्याचा, मग शेजाऱ्याने नको म्हटलं तरी त्याची गाडी. रात्री जेवताना माइलोला उद्या फोन करतो म्हणायचा. सकाळी फोनकडे बघायचा नाही.

मार्चच्या शेवटी एका सकाळी तो गळ घेऊन नदीवर गेला. छावणीच्या हद्दीबाहेरचा काठ, पण तिथून सरावाचा घाट दिसतो. कंपनी पूल टाकत होती. ऑर्विनने पाठ फिरवून गळ टाकला. मागे खण पडत होते. पहिला नीट पडला. दुसरा, तिसरा नीट पडले. चौथा पडला आणि त्याचा हात गळावर थांबला. उजवी कडी बसली नव्हती.

तो वळला. बोटीने चौथा खण ओढून नेला, जोडला. कुणी वाकून पाहिलं नाही. तो काठाने घाटाकडे चालायला लागला, मग धावायला. हद्दीवर नवा पहारेकरी होता, विशीतला, हनुवटीवर मुरुमं.

“काका, इथून पुढे नागरिकांना जाता येत नाही.”

“चौथ्या खणाची उजवी कडी सुटी आहे. ट्रक थांबव. कुणाला तरी सांग.”

“तुम्ही कोण?”

ऑर्विनने तोंड उघडलं. अकरा वर्षं या प्रश्नाला त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या परस्पर उत्तर देत होत्या. आता त्याला काय सांगावं कळेना.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “पण ट्रक थांबव.”

पोराने वायरलेसवर कुणाला तरी हाक मारली. पलीकडून कुणी तरी विचारलं, कोण सांगतंय. पोरगा म्हणाला, “एक माणूस मासे धरतोय, तो.” तोवर ट्रक चौथ्या खणावर आला होता. खण उजवीकडे कलला, पुढचं चाक पाण्यात गेलं. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर पडून पोहत काठाला आला. चिंब भिजला, ओठ निळे पडले, बाकी काही नाही. दूर घाटावर कॅप्टन व्हिटलॉक दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

पहारेकऱ्याने ऑर्विनकडे पाहिलं. “काका, तुम्हाला कसं कळलं?”

ऑर्विनने गळ गुंडाळला आणि सरळ गावातल्या भरती कचेरीत गेला. अंगाला मासळीचा वास होता.

तिथला तरुण सार्जंट फॉर्म भरून घेण्यात तरबेज होता. “पूर्वीची नोकरी?” “आहे.” “शेवटचा हुद्दा?” “कॅप्टन.” सार्जंटने पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. “पाण्यावरच्या पुलाचा काही अनुभव?”

“थोडाफार,” ऑर्विन म्हणाला.

शपथ द्यायला अधिकारी लागतो, कुठलाही. टॉलिव्हरने ते काम व्हिटलॉकच्या गळ्यात घातलं, असं कंपनीत म्हणतात. टॉलिव्हर नाही म्हणतो. भांडारात सामान घ्यायला गेल्यावर तोच कारकून होता. त्याने ऑर्विनच्या हातात एक फावडं दिलं आणि म्हणाला, “परत करताना धुऊन आण.”

शपथ एप्रिलमधल्या सोमवारी, सकाळच्या हजेरीच्या वेळी झाली. चाळीस जण रांगेत. ऑर्विनच्या बाहीवर सार्जंटच्या पट्ट्या होत्या. व्हर्नाने त्या आदल्या दिवशी शिवल्या होत्या, पट्टी घेऊन अंतर मोजून. व्हिटलॉक कागदावरून एकेक वाक्य वाचत होता, ऑर्विन मागून म्हणत होता. वरच्या अधिकाऱ्यांच्या हुकमाचं पालन करीन, या वाक्याशी व्हिटलॉक अडखळला. ऑर्विन अडखळला नाही.

मग सॅल्यूट. ऑर्विनने टाचा जुळवल्या आणि हात कपाळाला नेला. खालच्याने हात वर न्यायचा आणि वरच्याने सॅल्यूट घेऊन हात खाली आणेपर्यंत तसाच ठेवायचा, ही रीत. पण व्हिटलॉकचा हात वरच जाईना. तो हातातल्या कागदाकडे बघत राहिला, मग ऑर्विनच्या बाहीकडे, मग नदीकडे. मागे चाळीस जण श्वास रोखून उभे. टॉलिव्हर समोरच्या झाडाकडे टक लावून बघत होता, जणू त्या झाडाची बढती ठरायची होती.

“गुड मॉर्निंग, सर,” शेवटी व्हिटलॉकच्या तोंडून निघून गेलं.

“सर नाही, सार्जंट,” ऑर्विन हळूच म्हणाला, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं. “साहेब, हात वर घ्या. तुम्ही घेतल्याशिवाय मला खाली आणता येत नाही.”

व्हिटलॉकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने कागद डाव्या हातात घेतला. उजवा हात वर गेला, जरा वाकडा, अंगठा बाहेर.

“अंगठा,” ऑर्विन म्हणाला.

अंगठा आत गेला. व्हिटलॉकचा हात खाली आला, आणि त्याच्यामागून ऑर्विनचा.